चावी कुणी दिली?

पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाडी देणाऱ्याचं काय? ग्लास भरणाऱ्याचं? आणि ‘चल रे, काही होत नाही’ म्हणत मागे बसणाऱ्याचं?

समजा, शेवटचा पेपर संपलाय. तुम्ही पाचजण कुणाच्या तरी फ्लॅटवर जमलात. एक सीनिअर एकवीस वर्षांचा, दोघं एकोणीसचे, एक तुम्ही आणि एक फर्स्ट इयरवाला. त्याला अठरा पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत. बाटल्या सीनिअरने आणल्या. रात्री दीड वाजता भूक लागली, घरात मॅगीसुद्धा नाही आणि स्टेशनबाहेरची भुर्जीची गाडी चालू असते हे सगळ्यांना ठाऊक. मग तो नेहमीचा प्रश्न येतो, ‘सगळ्यात कमी कोण प्यायलंय?’ उत्तर अर्थातच फर्स्ट इयरवाला. त्याने एकच बिअर घेतलीय. बाइक तुमची, त्यामुळे चावी तुम्हीच त्याच्या हातात देता. एकोणीसवाले दोघं मागे बसतात. ट्रिपल सीट.

पुढच्या चौकात नाकाबंदी. कुणाला धडक बसलेली नाही, कुणाला साधं खरचटलेलंही नाही. तरी या एका फेरीत किती जण अडकले, ते बघू.

फर्स्ट इयरवाल्याकडे लायसन्स नाही, असूच शकत नाही. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, ‘सोळाव्या वर्षी विनागिअरचं लायसन्स मिळतं, म्हणजे अ‍ॅक्टिव्हा चालते.’ नाही चालत. कायद्यातली ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती आहे. अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन त्याच्या दुपटीहून मोठं असतं. तुमच्या बाइकचा तर प्रश्नच नाही. तर त्याच्यावर विनापरवाना गाडी चालवल्याचं कलम लागेल आणि फुंकर मारल्यावर यंत्रात आकडा जास्त आला, तर दारू पिऊन गाडी चालवल्याचं, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागेल.

आता तुम्ही. तुम्ही एक थेंबही प्यायला नसाल असं धरू. लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी देणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. कलम १८०. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ‘मालक मी नाही, गाडी बाबांच्या नावावर आहे’ असं म्हणून सुटता येत नाही, कारण हे कलम मालकाबरोबरच ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्यालाही लागतं.

आणि बाबा? तिकडे सांगलीत किंवा नांदेडमध्ये गाढ झोपलेल्या तुमच्या बाबांचाही यात संबंध येतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९ ए आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक यांना दोषी धरायचं, असं ते सांगतं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्यातली मेख अशी की, गाडी त्यांच्या संमतीनेच दिली गेली, असं न्यायालय गृहीत धरतं. ‘मला माहीतच नव्हतं’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे त्यांना सिद्ध करावं लागतं. ज्यांनी त्या रात्री काहीच केलं नाही, त्यांनी कोर्टात उभं राहून हे पटवून द्यायचं.

फर्स्ट इयरवाल्यासाठी याच कलमात आणखी एक तरतूद आहे. त्याला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळणार नाही, लर्निंगसुद्धा नाही. डिग्री झाली, नोकरी लागली, सगळे मित्र बुलेट घेऊन लडाखला निघाले, तरी हा मागच्या सीटवरच.

मागे बसलेल्या दोघांनी ‘तूच चालव’ असा आग्रह केला असेल, तर कलम १८८ आहे. पिऊन गाडी चालवायला चिथावणी देणाऱ्याला, मदत करणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. नुसतं मागे बसल्यामुळे हे कलम आपोआप लागत नाही, पण त्या रात्रीचं ग्रुपवरचं चॅट पोलिसांच्या हातात पडलं की ‘नुसतं बसलो होतो’ याला फारसा अर्थ उरत नाही.

राहिला सीनिअर. तो तर फ्लॅटवरून हललाही नाही. त्याची भानगड मात्र सगळ्यात मोठी आहे, आणि हे कॉलेजमध्ये जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ म्हणतं की, अठरा वर्षांखालच्या कुणालाही दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तंबाखूजन्य म्हणजे सिगारेटही आली. टपरीवर ज्युनिअरला ‘ओढून बघ’ म्हणून पुढे केलेली सिगारेट. एकवीस वर्षांच्या मुलाला साडेसतरा वर्षांचा मुलगा ‘आपल्यातलाच’ वाटतो. कायद्याला त्यांच्यात एक सज्ञान आणि एक बालक दिसतं.

कॉलेजच्या ग्रुपची हीच गोम आहे. शाळेत सगळे एका वयाचे असतात, नोकरीत सगळेच सज्ञान. कॉलेजच्या कट्ट्यावर मात्र सतरा आणि एकवीस एकाच प्लेटमधला वडापाव खातात.

एका बिअरने काय होतं?

आपल्याकडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. इंग्लंडमध्ये ती ८० आहे, म्हणजे आपला कायदा बराच कडक. आता हिशेब करा. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोलचं प्रमाण ८ टक्के धरलं, तर सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. पासष्ट किलोच्या मुलाच्या रक्तात त्याने आकडा सहज ८०च्या आसपास पोहोचू शकतो. ‘एकच तर घेतली’ म्हणणारा फर्स्ट इयरवाला मर्यादेच्या दुप्पट पुढे गेलेला असतो. मुलगी असेल किंवा वजन कमी असेल, तर आणखी जास्त.

शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने कमी करतं. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री दोनला १२० असलेला माणूस सकाळी सातला ४५वर असतो. म्हणजे झोपून उठलेला, दात घासलेला, आठच्या लेक्चरला निघालेला तुमचा मित्रही कायद्याने ‘दारू पिऊन गाडी चालवणारा’ असू शकतो. बडीशेप आणि च्युइंगमचा प्रयोगही सोडून द्या. यंत्र तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातून येणाऱ्या हवेतलं अल्कोहोल मोजतं.

फुंकायला नकार दिला तर? अनेकांना ही मोठी हुशारी वाटते. प्यायल्याचा संशय असेल, तर नकार देणाऱ्याला गणवेशातला पोलीस विनावॉरंट अटक करू शकतो, आणि पुढे कोर्टात तो नकारच तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. मात्र तुमच्याही बाजूने एक नियम आहे, तो माहीत असू द्या. १८५ खाली अटक केली, तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. झाली नाही, तर सोडावं लागतं.

गोव्याचं काय, हा प्रश्न येणारच. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५ आणि वर परवाना लागतो, गोव्यात वय १८. पण ३० मिलिग्रॅमची मर्यादा केंद्राच्या कायद्यातली आहे. ती पत्रादेवीचा चेकनाका ओलांडला म्हणून बदलत नाही. भाड्याची स्कूटर घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत का तेही बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल, तर अपघातानंतर विम्यावरून वाद ठरलेला.

पावती फाडून सुटत नाही

दहा हजार भरले की विषय संपला, हा दुसरा लाडका समज. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, की मोबाइलवर ई-चलन येतं, ते भरलं की मोकळे. १८५चं तसं नाही. त्यात जागेवर तडजोड नाही, प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातं. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. लायसन्स जप्त होऊन निलंबनासाठी आरटीओकडे जातं. बहुतेक वेळा निकाल दंडावरच निघतो, हे खरं. पण तो फौजदारी निकाल असतो.

त्याची गाठ पडते ती दोन-तीन वर्षांनी, फॉर्म भरताना. पासपोर्टच्या अर्जात, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत, कधी कधी खासगी कंपनीच्या तपासणीतही विचारतात, ‘तुमच्यावर फौजदारी खटला आहे किंवा होता का?’ अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात तर ‘कधी अटक झाली होती का?’ असा थेट प्रश्न असतो. एमएसला जायचं स्वप्न असलेल्यांनी हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावा. तिथे शिकत असताना पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर खटल्याच्या निकालाआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो.

मग लपवायचं? ते तर त्याहून वाईट. नोकरीच्या पडताळणीत फौजदारी प्रकरण दडवण्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. तरुण वयातली किरकोळ बाब नोकरी देणाऱ्याने सोडून द्यावी, याला त्यात वाव ठेवला आहे. पण माहिती लपवल्याबद्दल नोकरी जाऊ शकते, हेही त्यात आहे.

आणि कुणी मेलं तर?

१२ नोव्हेंबर २००६. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटेच्या सुमाराला एका विशीतल्या तरुणाने भरधाव गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर घातली. सात जण गेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात मर्यादेच्या तिपटीहून जास्त अल्कोहोल होतं. खालच्या कोर्टाने हलगर्जीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. फरक नीट लक्षात घ्या. हलगर्जीपणा म्हणजे ‘चुकून झालं’. सदोष मनुष्यवध म्हणजे, असं केलं तर कुणाचा जीव जाऊ शकतो, हे त्याला ठाऊक होतं. आज भारतीय न्याय संहितेत पहिल्याला पाच वर्षांपर्यंत आणि दुसऱ्याला, इरादा नसला तरी, दहा वर्षांपर्यंत कैद आहे. पिऊन स्टिअरिंगवर बसणारा माणूस पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही.

पुण्यातलं कल्याणीनगर प्रकरण तर तुम्हाला पाठच असेल. १९ मे २०२४, पोर्शे, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर ठार. चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. निबंधाचे मीम तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. संताप रास्त होता. पण मीममधून पोहोचलेला संदेश, ‘अठराच्या आत काही होत नाही’, हा अर्धवट आहे. तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, जूनअखेर उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून सोडायला सांगितलं. त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर तसा खटला चालतो तो ‘अतिगंभीर’ गुन्ह्यात, ज्याची किमान शिक्षाच सात वर्षं आहे. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं, तेही दिल्लीतल्या एका अल्पवयीन मुलाच्या मर्सिडीजखाली गेलेल्या माणसाच्या प्रकरणात.

पण पुण्याच्या प्रकरणात आजूबाजूला पाहा. तुरुंगात कोण गेलं? वडील, आजोबा, आई. बारचे मालक-व्यवस्थापक. ससूनचे दोन डॉक्टर. आरोप असा की, मुलाच्या रक्ताऐवजी आईचं रक्त तपासणीला गेलं. सोबत बसलेल्या मुलांच्या नमुन्यांतही फेरफार झाल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. म्हणजे चाक एकाच्या हातात होतं, पण गुन्ह्यांची यादी त्याला वाचवायला धावलेल्यांची वाढत गेली. आरोप कोर्टात ठरतील. तुमच्या ग्रुपमध्ये मात्र याची छोटी आवृत्ती नेहमी घडते. अपघात झाला की लायसन्सवाला म्हणतो, ‘मी चालवत होतो असं सांगतो.’ ही दोस्ती वाटते. कायद्यात तो गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देण्याचा वेगळा गुन्हा आहे.

त्यानंतर दीड महिन्याने, ७ जुलै २०२४ ला, वरळीत बीएमडब्ल्यूने स्कूटरवरच्या मासळी विकणाऱ्या दांपत्याला उडवलं, त्यात पत्नीचा जीव गेला. इथे आरोपी विशी ओलांडलेला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, आणि वर्षाहून अधिक काळ कोठडी. मंडळ नाही, निबंध नाही. अटक झालेल्यांत शेजारच्या सीटवर बसलेला ड्रायव्हर होता आणि गाडीचे मालक असलेले वडीलही.

शिक्षेइतकीच पैशांची बाजूही जड असते. ती बातमीत येत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं, एक साधं उदाहरण. मेलेला मुलगा पंचवीसचा, अविवाहित, खासगी ठिकाणी ठरावीक पगारावर, महिना तीस हजार. वर्षाचे ३ लाख ६० हजार. पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात, ५ लाख ४ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून निम्मे वजा, २ लाख ५२ हजार. या वयाचा गुणक १८. झाले ४५ लाख ३६ हजार, आणि वर इतर किरकोळ रकमा. विमा कंपनी ही रक्कम मृताच्या घरच्यांना देते, पण चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं किंवा तो प्यायलेला होता, तर तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची परवानगी ती कोर्टाकडून मिळवू शकते. मालक म्हणजे आरसीवर ज्यांचं नाव आहे ते. सांगलीतले किंवा नांदेडमधले.

‘तो लहान आहे, त्याच्यावर ढकलू’

अठराच्या आतल्या मुलासाठी कायदा खरोखर वेगळा आहे, आणि तसा असावा असं मला वाटतं. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. समज देण्यापासून समाजसेवेपर्यंत आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवण्यापर्यंत आदेश होऊ शकतात. प्रकरण मिटल्यावर त्याची नोंद सहसा नष्ट होते, चारित्र्य दाखल्यात पोलिसांना ती सांगता येत नाही. वय मोजलं जातं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. पुरावा म्हणून आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात.

ग्रुपमधल्या शहाण्यांनी यातून काढलेला निष्कर्ष म्हणजे, ‘मग त्यालाच पुढे करू.’ मारामारीत, कुणाची बाइक ‘राउंड मारायला’ उचलताना, बर्थडेला कोयत्याने केक कापून रील टाकताना. पण पाच किंवा जास्त जण मिळून मारामारी करायला गेले, की तो बेकायदा जमाव होतो, आणि जमावातल्या एकाने केलेलं सगळ्यांच्या खात्यावर चढतं. ‘मी फक्त उभा होतो’ हे प्रत्येकच जण सांगतो. राउंड मारायला उचललेली बाइक ही चोरी आहे, परत आणून ठेवायचा विचार होता हे नंतर पटवायचं. कोयत्याच्या रीलवर पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवतात आणि पुरावा तुम्हीच अपलोड केलेला असतो. नोंद नष्ट होण्याची सवलत फक्त त्या सतरावाल्याला. एकोणीसवाल्यांची नोंद राहते.

जाता जाता रीलवरूनच. असा अल्पवयीन मुलगा सापडला की त्याचं नाव, फोटो, कॉलेज व्हायरल होतं. त्याची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चॅनेललाही लागू, तुमच्या इन्स्टा स्टोरीलाही.

आणि घडलंच काही, तर पळू नका. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. १०८ किंवा ११२ लावा. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला पोलीस साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, तेव्हा दुसऱ्याच्या अपघातातही थांबायला हरकत नाही. वकील परवडत नसेल, तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. अटकेत असलेल्या कुणालाही, तसंच मुलांना आणि महिलांना मोफत वकील मिळतो. त्याआधी कुणाच्याही सांगण्यावरून ‘गाडी मीच चालवत होतो’ अशा कागदावर सही करू नका.